सीलबंद नळी

"माझ्या जुन्या सहकारिणीच्या पत्रात एकच प्रश्न होता," निवृत्त जिवाणुतज्ज्ञ म्हणाले. "नळी तू बदललीस का? मी उत्तरच दिलं नाही."

"बदलली होती?" गुप्तहेराने विचारले.

"छे! पण तसं लिहिलं असतं, तर तीच खोटी ठरली असती."

एकेकाळी ते आणि ती शेजारी काम करत. तिला एका रुग्णाच्या खोकल्यात स्ट्रेप्टोकोकस सापडला. दिसायला न्यूमोनियाच्या जिवाणूसारखा, पण औषध लावलेल्या कागदी चकतीला दाद न देणारा. नवी जात, ती म्हणाली. तज्ज्ञांनी त्याच नळीतून स्वतः चाचणी केली, तर चकतीभोवतीचे जिवाणू साफ मेलेले! सभेत तिचे हसे झाले. ती गाव सोडून गेली.

"अजूनही काही नवं दिसलं की आधी तिलाच दाखवावंसं वाटतं," ते पुटपुटले.

"दाजी, नळी प्रयोगशाळेच्या शिपायाने बदलली," गुप्तहेराच्या मदतीला आलेला मेहुणा कुजबुजला.

"चहा पिऊन घे. मग अटक कर."

तिघे प्रयोगशाळेत गेले, तेव्हा म्हातारे शिपाईमामा भडकले. "मी? बाईंनी लाखेनं सील केलेली नळी! सील साहेबांनीच फोडलं."

ते बरणी घासत होते. "ही बाईंचीच. झाकणाची काजळी जाता जात नाही."

गुप्तहेर वळला. "साहेब, तुम्ही जिवाणू कशात वाढवले होते?"

"साध्या उबवणी कपाटात."

"पित्तात विरघळतात का, तेही पाहिलं?"

"चकती पाहिली आणि थांबलो."

शीतपेटीत गोठवलेला तो नमुना अजून जिवंत होता. गुप्तहेराने दोन्ही पद्धतींनी चाचणी करवून घेतली आणि निकाल आल्यावर सर्वांना बोलावले.

"नळी कुणीच बदलली नाही. काजळी मेणबत्तीची. बाई बरणीत मेणबत्ती पेटवून झाकण लावत. ती विझेपर्यंत आत कार्बन डायऑक्साइड वाढे. त्या हवेत हा जिवाणू चकतीला जुमानत नाही, साध्या हवेत मरतो. दोघांचेही निकाल खरे."

"मग जात?" मेहुण्याने विचारले.

"न्यूमोनियाचा जिवाणू दोन्हीकडे मरतो, पित्तात विरघळतो. हा विरघळला नाही. आता याला स्ट्रेप्टोकोकस स्यूडोन्यूमोनी म्हणतात. बाईंनी तो आधीच ओळखला होता."

तज्ज्ञांनी कागद मागितला आणि लिहिले:

"नळी बदलली नव्हती. जात नवीच होती. चुकलो मी. एकदा येऊन भेटू?"

टपालपेटीशी त्यांचा हात थबकला.

"ती उत्तर देईल?"

"तिनेही उत्तर दिलं नाही, तर तक्रार कुठल्या तोंडाने कराल?" गुप्तहेर म्हणाला.

ते कसनुसे हसले आणि त्यांनी पाकीट सोडले.