बारा व्होल्टची चूक

गोंडपिपरीच्या बसस्टँडवर उतरले आणि धो धो पाऊस सुरू झाला. मार्च महिन्यात! छत्री कोण घेतं मार्चमध्ये? चंद्रपूरची बस यायला वेळ होता. हातातला डबा ओढणीखाली धरून मी समोरच्या पहिल्या पत्र्याखाली घुसले. ते मोबाईल दुरुस्तीचं दुकान निघालं.

काउंटरमागच्या माणसानं आधी माझ्याकडे पाहिलं, मग डब्याकडे. मग नाक वर करून हुंगलं.

"काय जाळून आणलं, मॅडम?"

"तुम्हाले कसं समजलं?"

"वास येऊन राह्यला ना." तो हसला, आणि क्षणभर मी माझी भीती विसरले.

मी दिव्यानी. इथून तासाभरावरच्या जंगलातल्या गावात कंत्राटी विज्ञान शिक्षिका. शाळेच्या क्लबसाठी मी इंटरनेटवर आवाहन केलं होतं. नव्वद अनोळखी माणसांनी थोडे थोडे पैसे घातले आणि सहा छोटे सर्किट बोर्ड, सेन्सर, भोंगे असं सामान आलं. पावसाचा थेंब पडताच वाजणारं यंत्र मुलींना करायचं होतं, म्हणजे अंगणात वाळत घातलेली मोहफुलं भिजायच्या आत उचलता येतील. शनिवारी त्या नव्वद जणांना व्हिडिओ कॉलवर ते दाखवायचं होतं. आज सोमवार, आणि सहाही बोर्ड जळालेले!

"कोनं जाळले?"

"मुलींकडून झालं," मी म्हणाले. इतकं पटकन, की माझी मलाच लाज वाटली.

जाळले मीच होते. पार्सलमध्ये सेल आले नव्हते, आणि मला कुठला धीर! शाळेच्या परसबागेत रानडुकरं घुसू नयेत म्हणून कुंपणाला झटका मशीन आहे. तिची बारा व्होल्टची बॅटरी मी ऑफिसातून उचलून आणली आणि एका दमात सहाही बोर्ड जोडले. त्यांना लागतात पाच व्होल्ट. धूर निघाला तेव्हा शेजारी सोमारी उभी होती. आठवीतली, क्लबमधली सगळ्यात हुशार पोरगी. मुख्याध्यापक धावत आले. "लेकराईच्या हाती देलं का असंच होते. सोमारी, पुन्हा याले हात लावायचा नाई!" सोमारीनं माझ्याकडे पाहिलं. मी फरशीकडे पाहिलं. मे महिन्यात माझं कंत्राट संपत होतं ना... दुसऱ्या दिवसापासून ती शाळेत आलीच नाही.

"चंद्रपूरले काऊन जाता? ठेवा इथीच," तो म्हणाला. "पण एकट्यानं होनार नाई. भिंग धराले कोनीतरी पाहिजे."

"तो काय स्टँड दिसून राह्यला भिंगाचा."

"तो? तो खराब हाय." आणि बोलता बोलता त्यानं चांगलाभला स्टँड काउंटरखाली सरकवला.

मग काय, रोज शाळा सुटली की मी बस धरायची. मिथुन, म्हणजे तो दुकानदार, जळालेला भाग काढून नवा बसवायचा, मी भिंग धरायची. त्याच्या कपाळावरची बट भिंगाच्या कडेला यायची आणि माझं भिंग बोर्ड सोडून तिकडेच सरकायचं.

"मिथुनभाऊ, अजून किती राहिले?"

"तीन. आन... भाऊ नका म्हनू ना."

"अख्खं गाव म्हणते."

"गावाले म्हनू द्या. तुम्ही नका म्हनू."

त्याचे कान लाल झाले. माझेही झाले असतील, पण पाहायला आरसा कुठे होता! परतीच्या बसमध्ये मात्र सोमारीचा रिकामा बाक आठवायचा.

ऑफिसातल्या झटका मशीनच्या बॅटरीला एका मुलीनं बोर्ड जोडले, असं मी त्याला सांगितलं होतं. गुरुवारी त्यानं हातातलं काम खाली ठेवलं. "एक विचारू? झटका मशीनची बॅटरी ऑफिसात कुलपात ऱ्हायते. चावी लेकराईकडे असते का?"

मी भिंग खाली ठेवलं.

"बोर्ड तं बनून जातील, मॅडम. त्या पोट्टीचं काय?"

"दुरुस्तीचे पैसे देईन मी. चौकशीचे नाई!" मी पर्स उचलली आणि निघाले. रस्ताभर रडले. तो खोटं बोलला असता तर बरं झालं असतं, असं नाही. तो खरं बोलला, आणि तो मला फार आवडायला लागला होता. तेच तर अवघड होतं.

शुक्रवारी मी गेले नाही. शनिवारी सकाळी कंडक्टरनं डबा आणून दिला. सहाही बोर्ड चालू! चिठ्ठी मात्र नव्हती. मी डबा उलटा करूनही पाहिला.

डबा घेऊन तशीच सोमारीच्या घरी गेले. तिची आई कलाबाई अंगणात मोहफुलं पसरत होती. मी उभ्या उभ्या सगळं सांगून टाकलं. तिचे हात थांबले नाहीत.

"मंग तवाच काऊन नाई सांगतलं, बाई?"

"भीती वाटली."

"तिले बी वाटलीच ना."

सोमारी आतून आली, माझ्या हातातला डबा तिनं घेतला आणि तलावाकडे चालू लागली.

आमच्या गावात नेटवर्क फक्त तलावाच्या पाळीवर. मोबाईलवर देणगीदारांचे चौकोनाखाली चौकोन उमटत गेले. मुख्याध्यापक इस्त्रीचा शर्ट घालून उभे. मुली रांगेत.

"नमस्कार. यंत्र दाखवायच्या आधी एक सांगायचं आहे. बोर्ड जळाले होते. ते मी जाळले. सोमारीनं हात लावला नव्हता, आणि तिला बोलणी बसली तेव्हा मी गप्प राहिले."

मुख्याध्यापक पुटपुटले, "सोमवारी लेखी खुलासा द्या." आता संपलं सगळं, मला वाटलं.

तेवढ्यात एका चौकोनातून ओळखीचा आवाज आला. "मी मिथुन, गोंडपिपरी. मी बी दिवाळीत थोडे पैसे टाकलो होतो यात. मले यंत्र पाहाचं हाय. सोमारी, दाखव बापा."

सोमारीनं ओंजळभर पाणी सेन्सरच्या पट्टीवर शिंपडलं. भोंगा असा केकाटला की पाळीवरची बगळ्यांची रांग उडाली. चौकोनाचौकोनांतून टाळ्या वाजल्या, आणि सोमारी कितीतरी दिवसांनी हसली.

मी मोबाईल तोंडाजवळ घेतला. "तुम्ही देणगीदार... सांगतलं काऊन नाई?"

"सांगतलं असतं तं तुम्ही मले अहवाल देल्या असत्या. मले तं तुमच्याशी बोलाचं होतं."

"मॅडम," सोमारीनं माझी ओढणी ओढली, "आवाज चालू हाय. सारे आयकून राह्यले."

नव्वद अनोळखी चेहरे. शेजारी मुख्याध्यापक.

"राहू दे," मी म्हणाले. "मिथुन, मले तुम्ही आवडता. दुकान बंद करा आन इकडे या."

त्याच्या चौकोनात आता फक्त रिकामी खुर्ची दिसत होती. काउंटरवर तशाच राहिलेल्या त्याच्या मोबाईलमधून शटर ओढल्याचा आवाज आला.