काचेच्या घरात पेन्सिलीची बायको

"भुताला घाबरेल तो मी नव्हेच," असं बाइंडरबुवा छाती ठोकून सांगत, आणि श्वास घ्यायच्या आत पुस्ती जोडत, "झुरळाचं मात्र विचारू नका."

फाटक्या पुस्तकांना टाके घालणं हा बुवांचा धंदा. शाळा अर्ध्यात सुटली, खोड्या मात्र पुरत्या शिकून झाल्या. एकदा ग्रंथपालबाईंनी एक जाडजूड पुस्तक आणून दिलं. गेल्या शतकातले नामांकित वास्तुकार आणि त्यांनी बांधलेली घरं. सपाट छपरं, उघडं काँक्रीट, भिंतींच्या जागी काचा. पुठ्ठा पार निखळलेला.

"एवढी घरं, पण माणूस औषधालाही नाही," बुवा पानं चाळत म्हणाले.

"माणसं आली की पसारा आला. फोटो काढताना सगळ्यांना बाहेर काढतात," बाई म्हणाल्या. "आणि हे बघा बुवा, याच्यात खोड्या नकोत."

नको म्हटल्यावर बुवांचे हात शिवशिवणारच. काचेच्या एका दिवाणखान्यात त्यांनी शिसपेन्सिलीने आपली बायको काढली. ठेंगणी, कमरेवर हात, तोंड समोर, भांडायला सज्ज. हुबेहूब! मग गालात हसत पुस्तक कपाटात कोंडलं आणि किल्ली खिशात टाकली.

दुसऱ्या दिवशी जेवता जेवता बायको म्हणाली, "तळपाय गारठलेत हो. फरशी कसली ती... नुसता आरसा."

त्यांच्या घरातली जमीन लाकडाची होती.

बुवांचा घास हातातच राहिला. पण जो स्वतः बारा भानगडींचा, त्याला सगळे तसलेच दिसतात. ग्रंथपालबाईंनीच हिला फितवलं असणार! ते तडक ग्रंथालयात गेले.

"बाई, चहाडी कोणी केली?"

"कसली चहाडी?" बाईंनी चष्म्यावरून रोखून पाहिलं. "काय केलंत माझ्या पुस्तकाचं?"

बुवांनी काढता पाय घेतला. कपाट तर बंद, किल्ली खिशात. मग हिला कळलं कसं?

त्यानंतर रोज काहीतरी निघायचं. "जिन्याला कठडाच नाही, कोणी पडलं म्हणजे?" "पडदे लावा की... सगळं उघडंवाघडं." बोलताना ती बुवांच्या आरपार बघायची. आवाज काचेपलीकडून आल्यासारखा. हात धरावा तर बर्फ. "पुरे झाली नाटकं," बुवांनी दटावलं. एरवी या दटावण्यावर ती खो खो हसायची. या वेळी तिने नुसतं त्यांच्याकडे पाहिलं. ही चेष्टा असेल तर ठीक. नसेल तर आपली बायको आपल्याच हाताने आपण कुठे ठेवून आलो?

भर दुपारी त्यांनी कपाट उघडलं. खळीचा आंबूस वास नाकात शिरला. कामाच्या खोलीच्या दारातून स्वयंपाकघर दिसत होतं. ती पाठमोरी उभी, कप विसळत. बुवांनी ते पान काढलं आणि चित्रातल्या कोपरावर खोडरबर जरासं फिरवलं.

आत कप फुटला.

"अगं बाई... माझा हात कुठे गेला?"

बुवांच्या हातून खोडरबर गळून पडलं. घाईघाईने पेन्सिल उचलून त्यांनी कोपर पुन्हा गिरवलं.

"हं... आला," ती आतून म्हणाली.

म्हणजे पुसायची सोय नाही, आणि ठेवायचीही. बुवांनी चष्मा पुसून पान डोळ्यांजवळ धरलं. कमरेवरचे हात तेच होते. पण जिथे त्यांनी तोंड काढलं होतं, तिथे आता अंबाडा होता.

"अगं..." ते दाराकडे वळले. "तू... पाठ का फिरवलीस?"

"आतून कोणीतरी हाक मारली म्हणून."

"आत कोणी नाहीये. मी... मी तुला एकटीलाच काढलंय त्या रिकाम्या घरात."

ती वळली नाही. स्वयंपाकघरात तशीच पाठमोरी उभी राहून म्हणाली,

"रिकामं होतं, असं तुम्हाला कोणी सांगितलं?"