'बरी' म्हणजे किती बरी?

एखादी मालिका लोक शेवटच्या दृश्यापर्यंत खिळून पाहतात, त्यांतले कित्येक जण ती पुन्हा लावतात, आणि कशी वाटली असे विचारले की मात्र "ठीकठाक" एवढेच म्हणतात. असे का व्हावे? वेंगुर्ल्यात राहणाऱ्या बारा वर्षांच्या शलाका परुळेकरपुढे हा प्रश्न आला, तेव्हा तिला त्यात कोडे दिसलेच नाही. तिला फक्त आपले अपयश दिसले.

'वादळकन्या' ही मालिका त्या काळी घराघरांत पाहिली जात असे. वाऱ्याला हुकूम सोडणारी, कोसळता पूल हवेच्या उशीवर झेलणारी ती नायिका मुलांची फार लाडकी होती. आता वाहिनीने तिची पूर्वकथा (मूळ कथेच्या आधी काय घडले ते सांगणारी कथा) काढली होती. या नव्या मालिकेत वादळकन्या अजून वादळकन्या झालेली नाही. ती चिमा नावाची, समुद्रकाठी राहणारी आणि वाऱ्याला घाबरणारी एक साधी मुलगी आहे. चित्रे संगणक तयार करी. आवाज मात्र खऱ्या माणसाचाच घ्यायचा, असा वाहिनीचा नियम होता. चिमाचा आवाज शलाकाचा होता.

सहापैकी तीन भाग दाखवून झाले आणि वाहिनीचे निर्माते कर्णिक यांचा निरोप आला. प्रेक्षकांची मते थंड आहेत. इतर जिल्ह्यांचे एक वेळ समजता येईल; पण खुद्द सिंधुदुर्गातल्या लोकांनाही आपल्या मुलीचा आवाज विशेष वाटत नसेल, तर उरलेल्या भागांसाठी मुंबईच्या एका मुलीला घ्यावे लागेल. निर्णय सोमवारी.

"मी ती मतं वाचली आहेत," शलाका म्हणाली. "एकाने लिहिलंय, 'चेडू बरा बोलता.' मुलगी बरी बोलते. म्हणजे काय, जेमतेम!"

तिची समजूत काढायला आणि खरे तर स्वतःचीही एक शंका फेडायला रोहिणीमावशी पुण्याहून आली होती. मावशी भाषा-संगणनशास्त्रज्ञ (माणसांची भाषा यंत्रांना कशी शिकवावी याचा अभ्यास करणारी व्यक्ती) होती. प्रेक्षकांची मते वाचून त्यांची वर्गवारी करणारे यंत्र तिनेच घडवले होते. नारळाएवढे, तीन चाकांचे आणि एका डोळ्याचे. देवळात देवाचा कौल घेतात तसा हे यंत्र प्रेक्षकांचा कौल घेते, म्हणून त्याचे नावही 'कौल'.

"मला छळतंय ते वेगळंच," मावशी म्हणाली. "सिंधुदुर्गातले प्रेक्षक मालिका मध्येच सोडत नाहीत. तिसरा भाग तर बऱ्याच घरांनी दोनदा पाहिला. मग शब्द इतके कोमट का? डोळे एक सांगताहेत आणि शब्द दुसरंच. दोघांपैकी कोणीतरी चुकतंय."

"किंवा मी चुकतेय," शलाका म्हणाली आणि बाबांना मदत करायला निघून गेली.

शलाकाचे बाबा, दीनानाथ परुळेकर, बंदराजवळ खानावळ चालवत. दुपारी तिथे पाय ठेवायला जागा नसे. मावशीही कौलला घेऊन एका बाकावर बसली. समोर आबा मेस्त्री जेवत होते. होड्या दुरुस्त करण्यात त्यांचा जन्म गेला होता, आणि आता विजेवरच्या होड्याही ते तितक्याच निगुतीने दुरुस्त करत. त्यांनी सोलकढीचा पेला एका दमात संपवला.

"आबानूं, कढी कशी झाली?" बाबांनी विचारले.

"बरी आसा," आबा म्हणाले आणि पेला पुढे केला. "वायच आणखी हाड."

कौलचा डोळा चमकला. "ग्राहकाचे मत: मध्यम," त्याने खणखणीत आवाजात जाहीर केले. "पदार्थात सुधारणा आवश्यक."

सगळी खानावळ हसू लागली.

"सुधारणा?" बाबा कमरेवर हात ठेवून म्हणाले. "अहो रोहिणी, तुमच्या नारळाला सांगा, आबांनी उभ्या जन्मात ह्याच्याहून मोठा शब्द वापरलेला नाही! लग्नाआधी नवरी दाखवली तेव्हाही 'बरी आसा' एवढंच म्हणाले होते."

"आणि चाळीस वर्सां संसार केलंय!" आबांनी पुस्ती जोडली.

शलाका हसली नाही. कढीचे भांडे हातात धरून ती तशीच उभी राहिली. तिची आई पुण्याची. आई एखाद्या गोष्टीला "बरी आहे" म्हणाली, तर त्याचा अर्थ "वाईट नाही, पण कौतुक करण्यासारखंही नाही." शलाकानेही ती सारी मते आईच्या कानांनीच वाचली होती.

"मावशी," ती हळूच म्हणाली, "पुण्यातलं 'बरं' आणि आमचं 'बरां' हे दोन वेगळे शब्द असतील तर?"

मावशीने हातातला घास खाली ठेवला.

"कौलला 'बरं आहे'चा अर्थ कोणी शिकवला?" शलाकाने विचारले.

"आम्हीच. यंत्राला शब्दकोश पाठ करून भाषा येत नाही. त्याला हजारो उदाहरणं दाखवावी लागतात. ही प्रतिक्रिया आनंदाची, ही रागाची, ही मध्यम, असं माणसांनी आधी ठरवायचं. त्यांना प्रशिक्षण-नमुने (यंत्राने ज्यांवरून शिकायचे ती उदाहरणे) म्हणतात. ते ठरवले माझ्या विद्यार्थ्यांनी." मावशी थांबली. "आणि ते सगळे पुण्याचे होते, शलाका. एकाच गावाच्या कानांनी आम्ही त्याला अख्खा महाराष्ट्र ऐकायला बसवलं!"

"मग आता कर्णिकांना सांगून टाकू!"

"नाही. तुला जे सुचलं ते फार सुंदर आहे, पण आज ते फक्त गृहीतक (खरे असावे असे वाटणारे, पण अजून न तपासलेले विधान) आहे. कर्णिक विचारतील, कशावरून? मालवणी माणसं सभ्य आहेत आणि वाईटालाही 'बरं' म्हणतात, असंही असू शकेल. मग काय उत्तर देशील?"

शलाकाने बराच वेळ विचार केला. तोवर आबा तिसरा पेला संपवून गेले होते आणि खानावळ रिकामी झाली होती.

"गिऱ्हाइकांना मुद्दाम वाईट कढी देऊन बघू," ती म्हणाली.

बाबांच्या हातातला डाव भांड्यात पडला. "वाईट कढी? माझ्या खानावळीत?"

त्यांची समजूत पटायला संध्याकाळ झाली. त्यातही त्यांनी अट घातली की नंतर प्रत्येकाला खरे काय ते सांगायचे आणि चांगली कढी फुकट द्यायची. मावशीला ती अट फार आवडली. प्रयोगात माणसे असली की त्यांचा मान राखणे हा प्रयोगाचाच भाग असतो, असे ती म्हणाली.

दुसऱ्या दिवशी दोन भांडी तयार झाली. एकात नेहमीची कढी. दुसऱ्यात मीठ नाही, नारळाचा रस नावापुरता आणि आमसूल इतके की जीभ आखडावी. हा होता नियंत्रण-प्रयोग (मुख्य प्रयोगाशी तुलना करता यावी म्हणून केलेला जोडीचा प्रयोग). निम्म्या लोकांना आधी चांगली कढी आणि निम्म्यांना आधी वाईट द्यायची, म्हणजे क्रमाचा परिणाम उत्तरांवर होणार नाही. आणि प्रश्न एकाच स्वरात विचारायचा.

इथे मात्र बाबा नापास झाले. वाईट कढी देताना त्यांचा चेहराच असा होई की गिऱ्हाईक आधीच सावध व्हावे. शेवटी प्रश्न विचारायचे काम कौलकडे आले. तो टेबलांवरून चाके फिरवत जाई आणि म्हणे, "सोलकढी कशी वाटली?" शलाका मात्र उत्तर ऐकण्याइतकेच लक्ष पेल्याकडे देत होती.

चांगल्या कढीला बहुतेकांनी एकच उत्तर दिले. "बरी आसा." आणि पेले रिकामे झाले. दहांतल्या सातांनी तरी पुन्हा मागितली.

वाईट कढीवर सभ्यतेचा मागमूसही नव्हता. "मीठ खंय गेला?" "दीनानाथा, आज घरात भांडाण झाला काय?" मासे विकणाऱ्या शेवंतीकाकींनी तर पेला नाकाजवळ नेऊन कौललाच दटावले, "गो बाय माझे, ह्यां आमसुलाचा पाणी तूच पी!"

"मी पिऊ शकत नाही," कौल नम्रपणे म्हणाला.

"शहाणो आसस!"

शलाकाचा आनंद गगनात मावेना. 'बरी' म्हणजे खरोखरच चांगली! पण एवढ्यात आबा मेस्त्रींची पाळी आली. त्यांना वाईट कढी मिळाली होती. एक घोट घेऊन त्यांनी डोळे मिटले, आवंढा गिळला आणि कौलला म्हणाले, "बरी आसा."

शलाकाचे तोंड उतरले. सगळे गृहीतक एका घोटात कोसळले असे तिला वाटले. मग तिची नजर पेल्याकडे गेली. तो जवळजवळ भरलेलाच होता.

"आबा, खरं सांगा, आवडली?"

आबांनी कौलकडे पाहिले आणि आवाज खाली आणला. "चेडवा, यंत्र झाला तरी पुण्यासून इलेलो पावणो तो. पावण्याक वायट कसा सांगूचा?"

मावशी खळखळून हसली. "हे उत्तर वगळायचं नाही हं, शलाका. आपल्या म्हणण्याला न जुळणारं उत्तरच आपल्याला सर्वांत जास्त शिकवतं. सांग बघू, काय शिकलीस?"

शलाकाने शब्द जुळवत सांगितले, "एक तर, शब्द कोणत्या गावचा आहे ते बघायचं. दुसरं, कोण कोणाशी बोलतंय ते बघायचं. आणि एवढ्यानेही कळलं नाही, तर पेल्याकडे बघायचं. म्हणजे माणूस काय करतो, ते."

"यालाच संदर्भ (शब्दाच्या भोवतीची परिस्थिती, जिच्यामुळे त्याला नेमका अर्थ येतो) म्हणतात," मावशी म्हणाली. "शब्द एकटा कधीच नसतो."

मग मावशीने सिंधुदुर्गातली मते पुन्हा वाचून घेतली, या वेळी मालवणी बोलणाऱ्या माणसांकडून. त्या नव्या नमुन्यांवर कौल पुन्हा शिकला. आता तो प्रत्येक मताबरोबर तीन प्रश्न विचारी: हे कुठले आहे? कोणाला उद्देशून आहे? आणि हे लिहिणाऱ्याने भाग शेवटपर्यंत पाहिला का? रविवारी सकाळी निकाल आला. सिंधुदुर्गातली बहुतेक 'मध्यम' मते 'आवडली' या गटात गेली होती. 'चेडू बरा बोलता' हे त्यांत पहिलेच होते.

पण निकालात आणखी एक गोष्ट होती. दुसऱ्या भागात चिमा खडकावर बसून आपल्या भीतीबद्दल लांबलचक बोलते, ते दृश्य सगळ्याच जिल्ह्यांतले प्रेक्षक न पाहता पुढे सरकवत होते. 'उगाच रडते,' असे मुलांनी लिहिले होते. त्या वाक्याचा अर्थ सगळीकडे एकच होता. आणि नेमके तेच दृश्य शलाकाचे सर्वांत आवडते होते.

"हे पाठवलंच पाहिजे का?" तिने विचारले.

मावशीने कर्णिकांसाठी तयार केलेला अहवाल तिच्यापुढे सरकवला. शलाका थोडा वेळ पायाच्या अंगठ्याने जमीन उकरत राहिली. मग तिनेच ते निरीक्षण अहवालात सर्वांत वर ठेवले.

सोमवारी पडद्यावर कर्णिक दिसले. अहवाल त्यांनी बारकाईने वाचलेला होता.

"बाकीच्या जिल्ह्यांत मालिका अजून फार उचलली गेलेली नाही, हे मी लपवणार नाही," ते म्हणाले. "पण आवाज बदलायचं जे कारण मी दिलं होतं, ते चुकीचं निघालं. आवाज तुझाच राहील. मात्र पुढच्या भागांतली लांब भाषणं कापू. चालेल?"

"चालेल," शलाका म्हणाली.

त्याच दुपारी चौथ्या भागाच्या ध्वनिमुद्रणाला सुरुवात झाली. खानावळीमागच्या खोलीला भिंतीभर गोधड्या लावून आवाज न घुमणारी जागा तयार केलेली होती. शलाका आत शिरणार, एवढ्यात कौल चाके खडखडवत तिच्यापाशी आला.

"अमरावतीच्या एका मुलीचे मत आले आहे," तो म्हणाला. "'चिमा पोट्टी लय बदमाश आहे.' हे कौतुक आहे की तक्रार?" त्याचा डोळा दोनदा मिचकला. "मला माहीत नाही."

मावशी चमकून खुर्चीतून उठली; हे शब्द कौलकडून तिने आजवर कधी ऐकले नव्हते. "काय म्हणालास?"

"मला माहीत नाही. अमरावतीचे पुरेसे नमुने माझ्याकडे नाहीत. अंदाज करण्यापेक्षा विचारणे योग्य ठरेल. कोणाला विचारू?"

"तिलाच," शलाका म्हणाली आणि तिथेच उभी राहून तिने प्रश्न सांगितला. "लिही: मी चिमाचा आवाज आहे. तुमच्याकडे बदमाश मुलगी म्हणजे कशी मुलगी?"

प्रश्न निघून गेला. कुठे तरी दूर, जिथे समुद्र कोणी पाहिला नसेल अशा एका घरात तो पोचला असेल. उत्तर येईल तेव्हा येईल. शलाका गोधड्यांच्या खोलीत गेली, तिने दार लावले आणि लाल दिवा लागला. समोर चिमाची ओळ होती: वाऱ्याकडे तोंड करून उभी राहिल्यावरची, पहिलीच. अमरावतीची ती अनोळखी मुलगी ऐकते आहे असे शलाकाने मनात धरले आणि बोलायला सुरुवात केली.