लतिकेचा रंग

गंगेकाठी मुन्शी घाटावरच्या गल्लीत देवव्रत बायको हिमानी आणि लेक रुची यांच्यासह आपल्या काकांकडे राहायचा. नरहरकाका तीर्थोपाध्याय, त्यांच्या वह्यांतल्या यजमानांच्या वंशावळी त्याने कॉम्प्युटरवर चढवल्या होत्या. जावास्क्रिप्टमधला त्याचा प्रोग्राम काळ्या पडद्यावर ओळीने नावं छापी. हयात माणूस हिरव्यात, गेलेला लाल रंगात.

रंगांचं काम मात्र सोबत प्रोग्राम लिहिणाऱ्या लतिकेचं. "रंग दिला की तो थांबवायचा संकेतही लिहायचा," ती बजावायची, "नाहीतर खालच्या ओळींत उतरत जातो."

प्रोग्राम विद्यापीठात दाखवताना त्याने तिचं नाव काढून टाकलं. तिने भर सभेत विचारलं, तर हसून म्हणाला, "या नुसतं टायपिंग करायच्या." माघात ती गंगेत गेली. पाय घसरला, असं लोक म्हणाले.

चैत्रात एके सकाळी काका म्हणाले, "देवा, आपलंच घराणं काढ की. बघू तुझी करामत."

पहिलीच ओळ लाल. लतिका. खाली चार हिरव्या.

"ही कोण रे? आपल्या कुळात अशी कोणी नाही."

देवव्रतने नोंदी तपासल्या. ते नाव कुठेच नव्हतं. त्याने पुन्हा चालवून पाहिलं. आता नरहरही लाल.

"वा! जिवंतपणीच पोचवलंस की मला!" म्हणत काका पंचा घेऊन स्नानाला उतरले.

तासाभराने चौघांनी त्यांना उचलून वर आणलं. पंचा अजून कोरडा होता.

दिवस-कार्य उरकल्यावर त्याने प्रत्येक ओळीला रंग थांबवायचा संकेत जोडला. तरी लाल एक ओळ खाली सरकला. हिमानी.

"अहो, रुचीला नावेतून पलीकडे नेते," आतून बायको म्हणाली, "कब से ज़िद कर रही है. तुमचा सत्कार होईस्तोवर येतो आम्ही."

"आज नको जाऊस."

"का बरं?"

 ती गेली. त्याने प्रोग्रामच्या कर्त्यांची यादी उघडली. तिथे फक्त त्याचं नाव. त्याखाली 'ल' उमटवला, आणि थांबला. चार वाजता विद्यापीठात सत्काराची शाल मिळायची होती. ती मिळाली की लिहू, असं ठरवून त्याने तो पुसला.

सभेत कुलगुरूंनी विचारलं, "सगळं एकट्यानेच केलंत?"

"हो. एकट्यानेच."

परतताना अहिल्याबाई घाटावर गर्दी होती. नावाडी ओलाचिंब उभा होता. "भइया, हवा भी नहीं थी," एवढंच तो पुन्हा पुन्हा म्हणत होता.

दोघींना अग्नी देऊन देवव्रत घरी आला. यादीत लतिकेचं नाव लिहिलं. प्रोग्राम चालवला.

लतिका, नरहर, हिमानी, रुची. चारही लाल.

शेवटचं नाव त्याचं. हिरवं.

नोंदीत त्याने स्वतःच्या नावापुढे 'मृत' लिहिलं. पुन्हा चालवला.

हिरवं.