सहा आठवडे उचलायचं नाही

आधीच सांगते, भुताखेतांवर विश्वास ठेवणारी बाई मी नव्हे. रसायनशास्त्राची पदवी आहे माझ्याकडे. घरात कसला आवाज आला की मी आधी नळ बघते.

तरी हे घडलंय. दोन्ही एक्स-रे माझ्या कपाटात आहेत. ज्याला बघायचे त्याने येऊन बघावेत.

मंगळवार होता. रात्र नव्हे, भर दुपार. सव्वातीन. तिसऱ्या मजल्यावरचं आमचं घर, एकामागे एक तीन खोल्या. पुढच्या खोलीत सासूबाईंचं शिलाई मशीन. मधल्या खोलीत माझ्या लेकीचा, ढमूचा, कठड्याचा पलंग. मागच्या खोलीत मी.

पेसमेकर बसवून नववा दिवस.

बाळंतपणानंतर मला चक्कर यायची. सगळे म्हणाले, अशक्तपणा. निघालं हृदयाचं. ठोके मध्येच गाळत होतं. मग डाव्या खांद्याखाली, कातडीच्या आत, एक डबी बसवली. तिच्यातून एक तार थेट हृदयात.

डॉक्टरांनी एकच गोष्ट तीनदा सांगितली. "डावा हात खांद्याच्या वर न्यायचा नाही. जड उचलायचं नाही. सहा आठवडे. तार अजून आत रुजलेली नाही, सरकेल."

"आणि मुलगी?"

"किती किलोची?"

"दहा."

"मग तीही जडच."

माझा नवरा इलेक्ट्रिशियन. म्हणाला, "मला बोलावलं असतं तर चार क्लिपा मारून पक्की करून दिली असती." हसले मी. हसताना टाके दुखले.

ढमू तेव्हा अकरा महिन्यांची. मी दिसले की दोन्ही हात वर करायची. मी खाली बसून तिला कुरवाळायचे, पापे घ्यायचे. तिला ते नको असायचं. हात तसेच वर धरून रडायची.

त्या मंगळवारी सासूबाई शिवलेले पडदे गिऱ्हाइकाला द्यायला खाली गेल्या. "पाच मिनिटांत येते. रडली तर रडू दे. रडून कुणी मरत नाही." दाराला बाहेरून कुलूप लावून गेल्या.

ढमू उठली. रडायला लागली. मी भिंतीला धरून उभी राहतेय तोच...

रडणं थांबलं.

हळूहळू नाही. एकदम. उचलून घेतल्यावर थांबतं, तसं.

मग ती बडबडायला लागली. बाबाबा. दादादा. पण आवाज पलंगातून येत नव्हता...

वरून येत होता. खांद्याच्या उंचीवरून.

आणि फिरत होता. खिडकीपाशी. मग दाराशी. मग परत खिडकीपाशी.

पावलं मात्र कुणाचीच वाजत नव्हती.

मी कशीबशी मधल्या खोलीत पोचले. पलंगाचा कठडा वर होता, कडी लागलेली. ढमू समोरच्या दिवाणावर उशीला टेकून बसली होती. एकटी. खुशीत.

सासूबाई आल्या. त्यांनी कठड्याकडे बघितलं, मग माझ्याकडे.

"उचललंस ना?"

"नाही हो आई."

"मग काय उडत गेली ती?"

तिसऱ्या दिवशी मला उचकी लागली. थांबेचना. "कोण एवढी आठवण काढतंय गं?" सासूबाईंनी चिडवलं. संध्याकाळी त्यांचंच हसू मावळलं. उचकी ठोक्याच्या तालावर येत होती. एक ठोका, एक उचकी.

एक्स-रे काढला. तार सरकली होती, डबीचे झटके हृदयाऐवजी छातीखालच्या पडद्याला बसत होते.

"हात वर केलात," डॉक्टर म्हणाले. विचारलं नाही, सांगितलंच.

पुन्हा ऑपरेशन. तीच जखम पुन्हा उघडली. सहा आठवडे पुन्हा पहिल्यापासून.

नवरा घरी पोचल्यावर फुटला. "तुझ्या या मायेपायी पोरगी एक दिवस आईवाचून राहील. आता एकदा जरी उचललीस ना, तर तिला ताईकडे ठेवून येणार. सहा आठवडे."

ताई म्हणजे माझी नणंद. दुसऱ्या गावात राहते.

"अरे, मी नाही उचललं."

"मग कुणी उचललं?"

खरं सांगू? मला स्वतःचीच शंका यायला लागली. आपणच उचलून विसरत तर नसू?

म्हणून सासूबाईंनी उपाय काढला तेव्हा मीच मुकाट हात पुढे केला. माझ्या गाऊनची डावी बाही त्यांनी कमरेपाशी बाजूच्या शिवणीला टाचून टाकली. लाल दोरा. सात कच्चे टाके. हात जरा ओढला तरी तुटतील इतके नाजूक.

"डॉक्टरांचे टाके आतून, माझे बाहेरून. आता बघते कशी उचलतेस."

रोज सकाळी टाचायच्या, रात्री उसवायच्या. दहा दिवस काही झालं नाही.

अकराव्या दुपारी सासूबाई माझ्याच खोलीत, माझ्या उशाशी बसून फ्रॉकला काजं करत होत्या. घरात तिसरं मोठं माणूस नाही. पुढच्या दाराला आतून कडी. ढमू उठली. रडायला लागली. "आले गं बाई, आले," म्हणत सासूबाई उठायला लागल्या...

रडणं थांबलं.

त्या अर्धवट उठलेल्या, तशाच राहिल्या.

बाबाबा. दादादा...

वरून. खिडकीपाशी. मग दाराशी.

सासूबाईंनी माझ्या बाहीकडे बघितलं. सातही टाके जागेवर होते.

त्या गेल्या, पण उंबऱ्यातच थांबल्या. मला फक्त त्यांची पाठ दिसत होती, आणि चौकट घट्ट पकडलेला हात. आत काही गेल्या नाहीत.

"आई? पडेल हो ती. घ्या ना तिला."

मागे न बघता, अगदी हळू, त्या म्हणाल्या...

"नाही पडणार. नीट धरलीये."

त्या रात्री त्यांनी लेकाला समोर बसवलं. "हिने उचललं नव्हतं. तेव्हाही नाही. माझं चुकलं. पोरगी कुठे जाणार नाही, आईजवळच राहील." बाही उसवली ती पुन्हा टाचली नाही. काय बघितलंत, म्हणून मी शंभरदा विचारलं. "तुला दुसरी कामं नाहीत का?" एवढंच म्हणतात. पुढे एकाही दुपारी त्यांनी ढमूला मांडीवरून खाली ठेवलं नाही.

सहा आठवडे संपले. पुन्हा एक्स-रे काढला, तार जागेवर होती. "घ्या आता खुशाल मुलीला," डॉक्टर म्हणाले.

घरी आल्यावर मी चपलाही काढल्या नाहीत. ढमूने हात वर केले. मी वाकले, दोन्ही हातांनी तिला उचललं...

हलकी लागली.

त्याच सकाळी वजन केलं होतं, साडेदहा किलो. नवरा तिला घेताना म्हणतो, "पोतं झालंय पोतं." माझ्या हातांत ती पाच किलोही भरेना. आधी वाटलं, आनंदाने असं होत असेल. मग लक्षात आलं, माझ्या दंडांवर निम्माच भार होता.

उरलेला कुणीतरी तिच्या पाठीकडून पेलला होता.

याला तीन महिने झाले. दर वेळी असंच. घरात कुणाला बोलले नाही. बोलले तर ढमूला माझ्यापासून लांब ठेवतील.

सुरुवातीला मला ती मदतच वाटली. खोटं कशाला बोलू, मनातल्या मनात आभारही मानले.

पण परवा ढमू धडपडली. रडत माझ्याकडे आली. मी तिला उचललं, छातीशी ओढलं...

ती आली नाही.

दुसऱ्यांदा जोरात ओढलं, तेव्हा कुठे पलीकडून सोडलं.