पाचाच्या पाढ्यातल्या चुका

त्यांची ओळख झाली ती पंधराव्या ओळीतल्या एका चुकीमुळे.

संशोधनसंस्थेच्या तिसऱ्या मजल्यावर, जिन्याच्या टोकाला त्याची खोली होती. एक फळा, दोन खुर्च्या, त्यांतल्या एकीवर पुस्तकांची चळत, आणि खिडकीवर टपटपणारा पाऊस. दारावर टकटक झाली तेव्हा तो दचकला. त्याच्याकडे सहसा कुणी फिरकत नसे. दारात कानामागे हिरवी पेन्सिल खोचलेली एक तरुणी उभी होती.

"मी तळमजल्यावरच्या नियतकालिकाची मुद्रितशोधक," ती म्हणाली. "तुमच्या लेखाची छापील पानं तपासतेय. कोष्टकाच्या पंधराव्या ओळीत काहीतरी गडबड आहे."

"तुम्हाला... गणित येतं?"

"पाढे येतात." तिने कागद पुढे केला. "दर पाचव्या ओळीतल्या संख्येला पंचवीसने भाग जातो. पाचवी, दहावी, विसावी बघा. इथेच तेवढे शेवटी सत्तावन्न आलेत. पंच्याहत्तर असणार. आकडे उलटे पडलेत."

त्याने वही उघडली. पंच्याहत्तरच होते. ज्या नियमाची सिद्धता समजून घेण्यात त्याचा एक अख्खा उन्हाळा गेला होता, तो नियम हिने नुसत्या नजरेने टिपला होता.

"हे तुमचं मॉड्युलर फंक्शन करतं तरी काय?" तिने विचारले.

"विशेष काही नाही. बिंदू एक घर सरकवा, उलटा फिरवा... त्याचं उत्तर बदलत नाही. त्याला पदापदाने उलगडलं की या संख्या मिळतात."

"म्हणजे हट्टी आहे."

"मी... एकनिष्ठ म्हणेन."

ती हसली नाही. हसू ओठांच्या कोपऱ्यापर्यंत येऊन थांबले. काहीतरी बोलायला हवे म्हणून त्याने तिच्या कागदावरच्या एका खोडलेल्या शब्दाकडे बोट दाखवले. "याच्याखाली हे ठिपके कसले?"

"खोडलं, आणि मग कळलं की बरोबरच होतं. ठिपके म्हणजे — खोडलंय खरं, पण तसंच राहू द्या."

ती गेली. जिन्यावरची तिची पावले मोजत तो कितीतरी वेळ खडू हातात धरून उभा राहिला.

लेखाला जोडून पाच कोष्टके जायची होती, दर सोमवारी एक. दुसरे कोष्टक खाली पाठवण्याआधी त्याने, आयुष्यात प्रथमच, जाणूनबुजून एक चूक केली: पाचाच्या पाढ्यातल्या एका ओळीत शेवटचे दोन आकडे उलटे लिहिले. बुधवारी दारावर टकटक झाली. तिसऱ्या आठवड्यातही झाली, चौथ्याही. दर वेळी दारातल्या दारात दहा मिनिटे, कधी पंधरा. तिला चहा बिनसाखरेचा लागतो, तिचे वडील घड्याळे दुरुस्त करतात आणि आताशा त्यांना बारीक काटे दिसत नाहीत, एवढे त्याला कळले होते. तिला बसा म्हणायचे मात्र त्याला एकदाही सुचले नव्हते.

"तू तिला काही सांगितलंस का?" ताईने रात्री घरी फोन करून विचारले.

"सांगेन."

"कधी? कोष्टकं संपल्यावर? अरे, तोंड उघडायला तुला सिद्धता लागते का?"

पाचव्या कोष्टकाच्या तळाशी त्याने हाताने एक ओळ लिहिली: 'आभार – ज्यांची वाट पाहण्यासाठी मी चुका केल्या, त्यांचे.' मग धीर सुटला. त्याने ओळ खोडली आणि कागद खाली पाठवून दिला. चूक मात्र नेहमीच्या जागी तशीच होती.

त्या बुधवारी टकटक झाली नाही. गुरुवारीही नाही. शुक्रवारी तो तळमजल्यावर उतरला. तिची खुर्ची रिकामी होती.

"वडिलांच्या डोळ्यांचं ऑपरेशन आहे, मंगळवारपासून रजेवर आहे ती," संपादकबाई म्हणाल्या. "पानं आज छापायला जातायत. अंक बिनचूक निघाला की तिची नोकरी कायम होईल."

तो जिना चढू लागला. दुसऱ्या मजल्यावर त्याचे पाय थांबले. खरे सांगावे, तर लेख हातचा जाईल. न सांगावे, तर त्याची चूक तिच्या नावावर छापली जाईल.

तो परत उतरला.

"पाचव्या कोष्टकात चूक आहे," तो म्हणाला. "मी मुद्दाम केलेली. आधीच्या तीनही मुद्दाम. त्यांचा काही दोष नाही."

"मुद्दाम? ते कशासाठी?"

"त्या... वर याव्यात म्हणून."

बाईंनी चष्मा काढला, पुसला, पुन्हा लावला. मग खणातून पाचवे कोष्टक काढून त्याच्यापुढे ठेवले. चुकीच्या आकड्यांवर हिरवी दुरुस्ती होती.

"रजेवर जाण्याआधीच तिने केलीय. तुम्ही बोलला नसतात तरी चाललं असतं. पण आता मी ऐकलंय. तुमचा लेख या अंकातून काढतेय. पुढच्या अंकात घेऊ, एकेक ओळ पुन्हा तपासून."

"बरोबर आहे," तो म्हणाला. त्याला वाईट वाटले. पण वाटायला हवे होते तेवढे नाही.

सोमवारी टकटक झाली.

"वडील कसे आहेत?"

"उत्तम. पट्टी सुटल्या सुटल्या म्हणाले, तू फार वाळलीस." ती दाराला टेकून उभी राहिली. "दुसऱ्या कोष्टकातच मला कळलं होतं."

"कशावरून?"

"खऱ्या चुका कुठेही होतात. तुमच्या मात्र नेमक्या पाचाच्या पाढ्यात, मला दिसतील अशाच."

"मग बोलला का नाहीत?"

"माझ्या टेबलावर फोन आहे. तुमच्याही टेबलावर आहे." तिने त्या धूळ बसलेल्या फोनकडे पाहिले. "दोन आकडे सांगायला तीन मजले कोण चढतं?"

 तिने घडी केलेला कागद उलगडून त्याच्यापुढे धरला. पाचवे कोष्टक. तळाशी त्याने खोडलेली ओळ, आणि तिच्याखाली, एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत, ताजे हिरवे ठिपके.

"तसंच... राहू द्यायचं?"

"खूण शिकवली होती ना तुम्हाला?"

त्याने दुसऱ्या खुर्चीवरची पुस्तके उचलून जमिनीवर ठेवली.

"बसा ना," तो म्हणाला.