तिसऱ्या मजल्यावरचं उजवं दार

"गाईड बघायचं नाही म्हणजे नाही." वैशालीने दिलीपच्या हातावर चापट मारली.

"अगं पण दोन दिवस आपण त्याच भुलभुलैयात फिरतोय. यात उत्तर लिहिलंय, वैशे. एक पान उलटलं की बाहेर."

"मग खेळतोस कशाला? नुसतं गाईडच वाच ना."

दिलीपच्या मामाने मस्कतहून छोटा कॉम्प्युटर आणला होता, खेळाची कॅसेट आणि गाईडची टाचलेली पाच-सहा झेरॉक्स पानंसुद्धा. तो जोडायला टीव्ही मात्र वैशालीच्या घरी. त्यामुळे मे महिन्याच्या सुट्टीत वाशीच्या त्या फ्लॅटची बाहेरची खोली म्हणजे खजिन्याची गुहा झाली होती. पडद्यावर चित्र एकही नाही, नुसती इंग्रजी वाक्यं. आपण दोन शब्दांत हुकूम टाइप करायचा, 'दिवा घे', 'उत्तरेला जा'. जास्त शब्द लिहिले की कॉम्प्युटर ठोकळ्यासारखा म्हणणार, मला कळलं नाही.

हे सगळं वैशालीच्या धाकट्या भावाने, पाच वर्षांच्या विलूने, मन लावून पाहिलं होतं. दोन दिवस तोही कॉम्प्युटर झाला होता. "भात खा" म्हटलं की खायचा. "विलू राजा, लवकर लवकर जेव बघू" म्हटलं की मान ताठ करून, एकेक शब्द तोडत म्हणायचा, "मला. कळलं. नाही." आई कपाळावर हात मारून घ्यायची, आणि तोंड फिरवून हसायची.

"सगळ्या खोल्या सारख्याच हायेत ना?" काशीने विचारलं. काशी त्यांच्या वर्गातली, घणसोली गावातून यायची. "मग एकेका खोलीन एकेक वस्तू टाकून ये. दिवा, दोरी, पिंजरा. परत तिथंच आलो त वस्तू दिसल. कललं?"

वैशालीने लगेच टाइप केलं, 'दोरी टाक'. पाचव्या मिनिटाला ते भुलभुलैयातून बाहेर होते. दिलीपने सोफ्यावरून उडी मारली. त्याच वेळी आई स्वयंपाकघरातून ओले हात पुसत बाहेर आली.

"वैशू, विलू कुठाय?"

"खाली. चेंडू घेऊन गेला."

आई खिडकीशी गेली. खाली चेंडू होता. विलू नव्हता.

मिनिटभरात सगळे खाली. खाली आल्यावर वैशालीने चारी बाजूंना बघितलं. समोर, मागे, डावीकडे, उजवीकडे तशाच इमारती. तोच नवाकोरा पिवळा रंग, तोच जिना, त्याच बाल्कन्या. इमारतींचे नंबर रंगाखाली गेले होते. सोसायटीचे सेक्रेटरी श्यामसुंदरकाका सगळ्यांना एकच सांगत होते, "नंबर लिहिणारा सोमवारी येतोय, टेन्शन घेऊ नका." तोवर दुधाच्या पिशव्या भलत्याच दारात पडत होत्या. काल तर वैशालीचे बाबा ऑफिसातून आल्यावर शेजारच्या इमारतीत चढून दुसऱ्याच कुणाच्या तरी कुलपाशी झटापट करत बसले होते.

आता मोठी माणसं "विलू, विलू" करत सैरावैरा धावत होती.

"ही इमारत बघून झाली," श्यामसुंदरकाका धापा टाकत बाहेर आले.

"आत्ताच मीही तीच बघितली की," दुसरे कुणीतरी म्हणाले.

"मग ती कुणी बघितली?"

"ती म्हणजे कुठली?"

काका पुन्हा त्याच जिन्यात शिरले. वैशालीने बघितलं, तिसऱ्यांदा.

"असं तर संध्याकाळ होईल," ती म्हणाली. आईचा चेहरा पाहवत नव्हता. विलूला दुपारी कडकडून भूक लागते, भूक लागली की तो कुठे जातो? "ऐका. विलू हरवलाच नाहीये. तो घरी गेलाय. तिसरा मजला, उजवं दार. फक्त इमारत चुकलीय, बाबांसारखी."

"म्हणजे प्रत्येक इमारतीत एकच दार बघायचं," दिलीपचे डोळे चमकले.

"आन् बघितलेल्या जिन्यान वस्तू टाकायची," काशी म्हणाली. "नायतर आपलाबी काका होल."

वस्तू कुठली? वैशालीने पायातली एक चप्पल काढून पहिल्या जिन्यात ठेवली. एकटी चप्पल कोण पळवणार? मग दुसरी चप्पल, मग काशीच्या, मग दिलीपच्या. तापलेल्या सिमेंटवर अनवाणी पाय नाचत होते. प्रत्येक तिसऱ्या मजल्यावर उजवीकडची बेल, "विलू आलाय का?", आणि तशीच धाव खाली. चपला संपल्या, इमारती संपेनात.

दिलीपने खिशातून गाईड काढलं. क्षणभर त्याने त्याकडे बघितलं, आणि एक पान टर्रकन फाडून दगडाखाली ठेवलं.

"बघ, आलं ना गाईड कामाला?"

रांगेतल्या शेवटच्या इमारतीचं खालचं दार रंगाच्या डब्यांनी अर्धं अडलं होतं. गाईडची पानंही संपली होती, म्हणून खुणेला काशीच खाली थांबली, वैशाली आणि दिलीप वर धावले. उजवीकडचं दार बंद. रिकामा फ्लॅट, दारावर पाटीसुद्धा नाही. दिलीप वळणार, तेवढ्यात वैशालीने त्याचा शर्ट धरला.

दाराबाहेर दोन लाल सँडल होते. आईने शिकवल्यासारखे, अगदी भिंतीला लावून, शेजारी शेजारी.

तिने दार वाजवलं. आत चिडीचूप. बरोबर. दार वाजलं तर गप्प बसायचं, हेही आईनेच शिकवलं होतं.

"विलू, मी आहे. ताई."

आतून हुंदका आला. रंगारी दार उघडं टाकून जेवायला गेला होता. विलू आत शिरला, वाऱ्याने दार आपटलं आणि लॅच बसला. लॅचची मूठ विलूच्या डोक्याच्या कितीतरी वर.

मागून श्यामसुंदरकाका पोचले. "सरका, सरका. दार तोडतो." आणि दोन्ही मुठींनी त्यांनी दारावर असा काही धडाका लावला की आतलं रडणं दूर दूर गेलं. त्याच वेळी खालून काशीचा आवाज चिरत आला.

"वैशाली! तो बालकनीन आयलाय! तिथं ग्रिल नाय, रंगाला काढलंय!"

काकांचे हात हवेतच थांबले. वैशाली दाराकडे झेपावली. पण ओरडून चालणार नव्हतं. तिने दाराला तोंड लावलं आणि आवाज अगदी सपाट केला.

"कॉम्प्युटर. चालू."

आतलं रडणं अडखळलं.

"मागे फिर."

खालून काशी ओरडली, "फिरला!"

"दाराशी ये."

टप, टप, टप. बारीक पावलं जवळ आली. काकांना राहवेना. ते म्हणाले, "शहाणा माझा, आता तिथला रंगाचा एखादा डबा हळूच सरकवत इकडे आण बघू."

आतून नाक ओढल्याचा आवाज आला. "मला. कळलं. नाही."

वैशालीला एकदम हसू आलं आणि डोळेही भरून आले. "काका, दोनच शब्द," ती कुजबुजली. मग मोठ्याने, "डबा आण."

फरशीवर पत्र्याची खरखर.

"वर चढ. मूठ फिरव."

"फिरत नाही."

"उलटी फिरव."

खट्.

दार उघडलं. डब्यावर विलू उभा होता, नाकापासून गुडघ्यापर्यंत पिवळा. तोवर आईही वर पोचली होती. तिने त्याला रंगासकट उचलून छातीशी घेतलं.

विलू तिच्या खांद्यात तोंड खुपसून बोलला. "आई, आपलं घर रिकामं होतं. टीव्ही पण नव्हता. मला वाटलं, तुम्ही मला सोडून गेलात."

"तुला सोडून कुठे जाणार, वेड्या," आई म्हणाली. मग तिने वैशालीचे भाजलेले तळवे बघितले आणि दुसऱ्या हाताने तिलाही ओढून घेतलं.

नंबर लिहिणारा सोमवारची वाट न बघता त्याच संध्याकाळी आला. श्यामसुंदरकाका स्वतः शिडी धरून उभे होते. सगळ्या जिन्यांतून गोळा केलेल्या चपलांचे जोड लागले, गाईडची पानं मात्र वाऱ्याने दगडांखालून उडवून खाडीकडे नेली होती.

"आता खजिना गाईडशिवायच शोधायचा," दिलीप म्हणाला, आणि त्याला त्याचं फारसं वाईट वाटलेलं दिसलं नाही.

काकांनी सगळ्या सोसायटीसमोर तिघांच्या पाठी थोपटल्या. "आम्ही मोठी माणसं नुसती धावलो, डोकं चालवलं ते या पोरांनी. नंबर लिहायला उशीर झाला ही चूक माझी होती, हे मी कबूल करतो." मग ते विलूसमोर वाकले. "आणि आमचे सगळ्यात शूर, सगळ्यात हुशार, अजिबात न घाबरणारे विलासराव, तुम्हाला बक्षीस म्हणून काय देऊ बरं?"

विलूने मान ताठ केली.

"मला. कळलं. नाही."

काकांनी वैशालीकडे बघितलं. क्षणभर विचार केला. मग म्हणाले, "आइस्क्रीम खा."

आणि कॉम्प्युटर उड्या मारत दुकानाकडे पळत सुटला.